वाचकांचे प्रश्न : बोटाचे टोक गेल्यावर गिटार

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात गुरांसाठी कडबा कापताना कुट्टी यंत्रात माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेचे टोक गेले. जखम भरली आहे. पण गिटारची तार दाबली की कळ मस्तकात जाते. बोटे कापली गेलेला एक इंग्रज गिटारवादक पुढे नावारूपाला आला, असे मित्र सांगतो. हे खरे का? त्याने नेमके काय केले? गिटार उलटी धरून नव्याने शिकावी का?
— एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपला मित्र सांगतो ते खरे आहे. ते वादक म्हणजे १९४८ साली बर्मिंगहॅम येथे जन्मलेले, ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचे टोनी आयोमी. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक तुटले. आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. हताश झालेल्या या मुलाला कारखान्यातील मुकादमाने जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ च्या आगीत दोन बोटे निकामी होऊनही राइनहार्ट गिटार वाजवत राहिले होते.

आयोमींनी हात बदलला नाही. भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी अंगुस्ताने घडवली आणि तार निसटू नये म्हणून त्यांवर चामड्याचा तुकडा चिकटवला. हलक्या तारांचे संच तेव्हा सहज मिळत नसल्याने त्यांनी बॅंजोच्या तारा चढवल्या (आपल्याकडे वरातीत वाजतो तो बेंजो वेगळा). १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्यांनी बऱ्याच गाण्यांसाठी गिटार दीड स्वर, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या, खाली उतरवली. तारेचा ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे एवढ्या उतरणीने तो सुमारे ३० टक्के कमी होतो. बोटाला आराम मिळाला आणि आवाजही अधिक खोल, जड झाला. पुढे ‘हेवी मेटल’ या रॉक संगीतप्रकारातील कित्येक वादकांनी, दहाही बोटे शाबूत असताना, हीच उतरण उचलली, याची मला गंमत वाटते.

आयोमी हे मात्र बँडचे गीतकार नव्हेत. शब्द बहुतांशी बास वाजवणारे गीझर बटलर यांचे. गाणे ज्या मुखड्यावर उभे राहते ती गिटारची ओळ आयोमींची. बँडमध्ये अखेरपर्यंत सलग टिकलेले तेच एकमेव. २०१२ साली कर्करोगाचे निदान होऊनही ते थांबले नाहीत, आणि जुलै २०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात वाजवायला उभे राहिले.

आपले एकच बोट दुखावले आहे, म्हणून गिटार उलटी धरण्याची घाई करू नये. कळ अजून येते, तेव्हा आधी डॉक्टरांना बोट दाखवावे. त्यांनी हरकत घेतली नाही तर ०.००९ इंचाच्या पहिल्या तारेचा हलका संच चढवावा. आयोमींसारखे अंगुस्तान वापरलेच, तर बोटाला तार जाणवत नाही. किती दाबले हे कानानेच ठरवावे लागते, आणि याला काही महिने जातात. सरावासाठी ‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७० च्या पहिल्या अल्बममधील, बँडच्याच नावाचे गाणे घ्यावे. त्याची मुख्य ओळ तीनच स्वरांची आहे : सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. हा अल्बम नेहमीच्याच स्वरांत लावलेल्या गिटारवर वाजवलेला असल्यामुळे गिटार न उतरवताही ती निघेल.