रानच वाहून गेलं, आता पेरायचं कुठं? सीनाकाठच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

सप्टेंबर 2025च्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीला पूर आला, तेव्हापासून माढा, मोहोळ, करमाळा, परंडा, भूम या भागांतल्या शेतकऱ्यांचे प्रश्न रोज येत आहेत. कुणी फोनवर विचारतं, कुणी बांधावर गाठतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते आहे, म्हणून निवडक प्रश्न घेऊन सविस्तर लिहितो.

"नदीला लागून दोन एकर आहे. सोयाबीन तर गेलंच, पण माती मुरमापर्यंत खरडून गेली. तळ्यातला गाळ आणून भरावा म्हणतो. किती लागेल? रब्बी घेता येईल का?" (माढा तालुक्यातले शेतकरी)

तुमच्या रानात मी येऊन गेलो. तीन फूट खोल पुरलेली पाइपलाइन दोन कडांच्या मध्ये दोरीसारखी अधांतरी लोंबत होती. ते पाहिल्यावर काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं. आता नीट बोलतो.

आधी हिशोब मांडू. एका एकरात 43,560 चौरस फूट. एक फूट जाडीचा थर भरायचा तर 435 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते असं धरलं, तर दोन एकराला 870 खेपा होतात. नुसता तीन इंचांचा थर द्यायचा म्हटलं तरी दोन एकराला 218 खेपा. डिझेल, भाडं, मजुरी तुम्हीच लावून बघा. हे आकडे घाबरवायला देत नाही. गाळ टाकायची घाई केली आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्याच दणक्याला तो सीनेत गेला, तर तुम्ही दुसऱ्यांदा बुडाल, म्हणून देतोय. गाळाच्या आधी बांध. हा क्रम चुकवू नका.

यंदा तळी काठोकाठ भरलेली आहेत, त्यामुळे गाळ तसाही एप्रिल-मेशिवाय मिळणार नाही. तोवरचे महिने असे वापरा.

पहिलं काम, आपली माती शोधा. सगळी माती नदीत गेलेली नसते. पाण्याचा वेग जिथं मोडला, म्हणजे झाडाआड, बांधाच्या कोपऱ्यात, खालच्या शेजाऱ्याच्या रानात, तिथं ती ढिगानं पडलेली असते. ही तुमच्याच रानाची काळी, वर्षानुवर्षं शेणखत घातलेली माती आहे, तळ्यातल्या गाळापेक्षा कितीतरी सरस. शेजाऱ्याला तिची अडचणच होत असेल. गोडीत बोलून ती परत आणा.

दुसरं काम सपाटीकरणाचं आणि बांधाचं, पण वापसा आल्यावरच, म्हणजे रान मशागतीजोगं सुकल्यावरच. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर रानात यंत्र घाला. चेपला किंवा चिकटून बसला तर थांबा. ओल्या रानात जेसीबी फिरवला की खाली असा कडक थर बसतो, की मुळी त्यात जात नाही आणि पाणीही मुरत नाही. आणखी एक कळकळीची सूचना. खड्डे भरण्यासाठी वरच्या अंगाची चांगली माती कापून खाली ओढू नका. तसं केलं तर वरचंही रान मुरमाड होतं.

आता रब्बीचं. जिथं किमान वीतभर माती उरली आहे तिथं हरभरा घ्या. ज्वारीच्या पेरणीची वेळ टळली, ओढाताण करू नका. विजय किंवा दिग्विजय हे वाण चालतील, एकरी 25 ते 30 किलो बियाणं, पेरणी 10 नोव्हेंबरच्या आत. यंदा बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी (किलोला 5 ग्रॅम) चोळल्याशिवाय पेरू नका, कारण बुडालेल्या रानात मर रोगाची, म्हणजे झाड वाळून मरण्याची, धास्ती जास्त. जिथं उघडा मुरूम आहे तिथं यंदा बियाणं घालून पैसा मातीत, किंबहुना मातीही नसलेल्या जागी, घालू नका. तिथं लेंडीखतासाठी मेंढरं बसवा. आपल्या भागात फिरणारे कळप आहेत, रात्रीमागे काय द्यायचं ते धनगर बांधवांशी ठरवा. जूनमध्ये पहिल्या पावसावर ताग पेरा, एकरी 20 ते 25 किलो, आणि फुलावर येताच हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडा. पुन्हा पुढच्या वर्षी तेच करा.

उन्हाळ्यात गाळ आणाल तेव्हा आधी गाळाचा आणि रानाचा, दोन्ही नमुने माती प्रयोगशाळेत द्या. आपल्याकडच्या काही तळ्यांच्या गाळात चुनखडी आणि क्षार भरपूर असतात. तसला गाळ टाकला की हरभरा पिवळा पडतो. चांगला गाळ मिळाला तरी एकदम जाड थर नको. दोन-तीन इंच टाका, खालच्या मातीत नांगरून मिसळा, पुढच्या वर्षी पुन्हा थोडा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना वाहतुकीसाठी अनुदान मिळतं. ग्रामपंचायतीकडे मागणी आत्ताच नोंदवा, उन्हाळ्यात रांग लागेल.

पहिल्यासारखं रान व्हायला किती वर्षं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या डोळ्यांत ते दिसलं. पीक उभं राहायला दोन-तीन हंगाम. पहिल्यासारखी माती मात्र आपल्या हयातीत होत नाही. काळ्या पाषाणापासून इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. तुमच्या रानातली माती सीनेतून हत्तरसंग कुडलच्या संगमावर भीमेत गेली, भीमेतून कृष्णेत. तिचा बराचसा भाग पुढच्या धरणांच्या तळाशी बसेल. तिकडं त्या धरणांची पाणी साठवायची जागा कमी होईल, इकडं आपलं रान उघडं. एकाच पुरानं दोन्हीकडं नुकसान केलं, आणि त्याची भरपाई कुठल्याच पंचनाम्यात मोजता येत नाही. म्हणून जी वीतभर माती उरली आहे तिच्यावर जीव लावा.

"एवढी माती यंदाच का गेली? पाऊस तर पूर्वीही पडायचा." (भूम तालुक्यातले शेतकरी)

यंदा मे महिन्यातच अवकाळी पाऊस झाला आणि 26 मेला मान्सून मुंबईत पोचला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून खोलवर जातो. यंदा भेगा उघडायलाच सवड मिळाली नाही. माती फुगली, भेगा बुजल्या. पोट भरलेल्या जमिनीवर सप्टेंबरमध्ये जे पडलं ते जवळजवळ सगळं वरूनच वाहिलं. धरणातून किती पाणी केव्हा सुटलं हा हिशोब जलसंपदा विभागाचा. मी रानातलं बोलतो.

रानात मला जे दिसलं ते असं. 1972च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांनी घमेली वाहून समपातळी बांध घातले, नाला बांध घातले. तो दुष्काळ होता, पण ते काम पुरालाही उपयोगाचं होतं, कारण धावणारं पाणी चालायला लागतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यातले कितीतरी बांध आपण पिकाची दोन तासं (ओळी) जास्त बसावीत म्हणून नांगरून टाकले. ओढे होते तिथं पिकाची पट्टी काढली. पाण्यानं आपली जुनी वाट शोधली आणि तिच्यावर जे काही होतं ते घेऊन गेलं. हे दोष द्यायला लिहीत नाही. रान लहान, वाटण्या झालेल्या, पोटाचा प्रश्न, मला सगळं कळतं. पण ज्या रानाचा बांध शाबूत होता तिथं पीक सडलं तरी माती राहिली, हे मी या महिन्यात डोळ्यांनी पाहिलं आहे.

"आमच्याकडं उलट झालंय. दीड फूट गाळ आणि वाळू येऊन बसलीय." (परंडा तालुक्यातल्या महिला शेतकरी)

ताई, आधी खोदून पाहा, वाळू किती आणि पोयटा (मऊ, सुपीक गाळ) किती. तीन इंचांपर्यंत असेल तर वापशावर नांगरून मिसळा. त्याहून जास्त वाळू काढावीच लागते. मऊ पोयटा असेल तर तो सगळा फेकू नका, वरच्या खरडलेल्या रानाला तो हवाच आहे, तिकडं द्या. वाळल्यावर वर पापडी धरते, ती कुळवानं मोडा, नाहीतर हरभऱ्याचा कोंब वर येत नाही.

पुराच्या गाळाबरोबर तीन गोष्टी येतात. एक प्लास्टिक. मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या, बाटल्या, काचा, हे सगळं नांगरटीच्या आधी वेचा. दुसरी, तणाचं बी. गाजरगवत नव्हतं तिथंही यंदा दिसेल. ते उगवू द्या, दोन पानांवर आलं की कुळवून मोडा, मगच पेरा. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बरेच दिवस पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत हवा नसते आणि मुळांना स्फुरद (फॉस्फरस) पोचवणाऱ्या उपयोगी बुरशा मरतात. मग माती परीक्षणात स्फुरद दिसतं, पण पिकाला मिळत नाही. रोपं खुरटतात, पानांवर जांभळी झाक येते. तेव्हा वरून युरिया फेकण्यात अर्थ नाही. पेरतानाच स्फुरद बियाण्याजवळ पडेल असं पेरा आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया करा.

"विहीर गाळानं भरली. मोटर लावून एका दिवसात उपसू का?"

नको. चारी बाजूंची माती पाण्यानं जड झाली आहे. विहिरीतलं पाणी तिला आतून टेकू देतंय. ते झटकन काढलं की कडा आत ढासळते. रोज थोडं थोडं उपसा, मध्ये एक-दोन दिवस थांबा. गाळ काढायला माणूस उतरवण्याआधी हवा खेळू द्या, कुणालाही एकट्याला उतरवू नका, आधी कंदील सोडून पाहा, तो विझला तर माणूस सोडू नका. पिण्याची विहीर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाका, आणि तरीही पाणी उकळूनच प्या.

ऊस लोळलाय, असं बऱ्याच जणांनी कळवलंय. शेंडा पाण्याखाली जाऊन कुजला असेल आणि कांडीवरून पांगशा (बाजूचे कोंब) फुटल्या असतील, तर तो ऊस वाढणार नाही आणि साखर उतरत जाईल. कारखान्याच्या शेती विभागाला लेखी कळवून तो आधी तोडायला लावा. शेंडा जिवंत असेल तर चर काढून पाणी निघू द्या, खाली पडलेली वाळकी पानं काढा. भिजून बुरशी धरलेला कडबा जनावरांना घालू नका, कितीही चाराटंचाई असली तरी.

"वरच्या शेतकऱ्यानं ओढा बुजवलाय. त्याचं पाणी माझ्या रानातून गेलं. भांडण नको, पण काय करू?"

आधी चार माणसं घेऊन बोला. पुरानंतर हद्दीचे दगडही वाहून गेलेत, त्यामुळे मोजणी करून घेतल्याशिवाय बांधावरून वाद घालू नका. ऐकलंच नाही तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवून नुकसान केलं असेल तर तो अडथळा काढायचा आदेश ते देऊ शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हा दावा करायचा असतो, ही मुदत लक्षात ठेवा. वकील लागेलच असं नाही.

मदतीबद्दल थोडक्यात. 7 ऑक्टोबरला जाहीर झालेल्या पॅकेजप्रमाणे खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि हेक्टरी 3 लाखांपर्यंत रोजगार हमीतून. हा दुसरा भाग खात्यावर येणार नाही, तो मातीभराव, सपाटीकरण आणि बांधाच्या कामाच्या रूपात येणार आहे. म्हणून जॉबकार्ड काढा, ग्रामसभेत आपला गट क्रमांक कामाच्या आराखड्यात आलाय का ते वाचून घ्या. गाळ भरलेल्या विहिरीला 30,000 आहेत. पंचनाम्यात 'पीक नुकसान' एवढंच लिहिलं असेल तर 'जमीन खरडली' किंवा 'तीन इंचांपेक्षा जास्त गाळ' ही वेगळी नोंद करायला लावा. पीक आणि जमीन ही दोन वेगळी नुकसानं आहेत.

"नदीच्या कडेला पुन्हा पीक घेऊ की झाडं लावू?" (मोहोळ तालुक्यातल्या बचतगटाच्या भगिनी)

या प्रश्नानं मला सगळ्यांत बरं वाटलं. काठापासून निदान दहा-पंधरा फुटांची पट्टी सोडा. ज्या ठिकाणी बाभळी, करंज, निरगुडी, शिंदी उभी होती तिथं काठ कमी तुटलाय, हे नदीकडेनं चालताना तुम्हालाही दिसेल. वरच्या अंगाला करंज आणि बांबू लावा, मधे वाळा (खस गवत). वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि माती विणल्यासारखी धरतात. पाण्याच्या अगदी जवळ निरगुडी. तिला रोपवाटिका लागत नाही आणि शेळ्या तोंड लावत नाहीत. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, हातभर लांबीच्या फांद्या तिरक्या तोडा, दोन तृतीयांश जमिनीत जाईल अशा खोचा आणि भोवतालची माती पायानं घट्ट दाबा. ओल आहे तोवर, म्हणजे याच पंधरवड्यात. जानेवारीत लावल्या तर पाणी घालावं लागेल, आत्ता नाही.