'याक?' विचारल्याशिवाय खेळू नकोस

चि. बाळ,

मिरजेच्या बुद्धिबळ स्पर्धेहून परतताना गाडीत तू तोंड उघडलं नाहीस. घटप्रभा गेल्यावर एकदम म्हणालीस, "सर, काळ्याकडून ही सिसिलियन ओपनिंग सोडू का? फ्रेंच घेऊ?" मी करदंटाचा पुडा पुढे केला आणि गप्प राहिलो, कारण राग आला होता. आता शांतपणे लिहितोय. म्हणजे जमेल तेवढ्या शांतपणे.

तीन महिन्यांत तू सिसिलियनची नायडॉर्फ ही शाखा अठरा खेळ्यांपर्यंत पाठ केलीस. चौथ्या फेरीत त्या पोरानं दुसऱ्याच खेळीला सी३ केलं, आणि तू बावीस मिनिटं पटाकडे बघत बसलीस. मोबाईलवरच्या व्हिडिओत ते नव्हतं की! अगं, सी३ वर प्यादं बसलं म्हणजे बी१ च्या घोड्याची जागा गेली. मग तू डी५ कर, त्यानं मारलं तर वजिरानं मार. वजीर पटाच्या मध्यात आला तरी त्याला हुसकायला सी३ वर घोडा येणारच नाही. त्यानं सी३ का केलं आणि त्यात काय गमावलं, एवढंच विचारलं असतंस तर दोन मिनिटांत सापडलं असतं. जेवताना मी तुला विचारलं, नायडॉर्फमध्ये पाचव्या खेळीला ए६ का करतात? म्हणालीस, "थिअरी आहे, सर." बी५ वर पांढऱ्याचा उंट-घोडा येऊ नये आणि पुढं आपल्याला ई५ किंवा बी५ रेटता यावं, म्हणून ते ए६. थिअरी म्हणजे काय वरून पडते?

बेळगावच्या खडेबाजारात माझे एक कानडी दोस्त होते. मराठी उत्तम बोलायचे, पण पटावर बसले की एकच शब्द, "याक?" म्हणजे 'का?' मी प्यादं सरकवलं की "याक?" किल्लेकोट केला तरी "याक?" उत्तर नसेल तर खेळी परत घ्यायला लावायचे. तेव्हा मला त्यांचा वैताग यायचा. आज मी तुला तेच करतोय आणि तूही तसंच तोंड करतेस.

मी हे शहाणपणानं शिकलो असं समजू नकोस. १९८४ च्या उन्हाळ्यात सांगलीला खेळायला जाण्याआधी मी माझा कारो-कान बचाव, म्हणजे पहिल्याच खेळीचं सी६, सोडला. सगळे सिसिलियनमधल्याच ड्रॅगन शाखेचं कौतुक करत होते. रशियन पुस्तकं तेव्हा स्वस्त मिळायची. एक मिळवलं, आठवडाभर रात्री जागून वहीत उतरवलं. नवव्या खेळीला समोरच्यानं पुस्तकाबाहेरचं काही केलं आणि चोविसाव्याला मी हात मिळवून उठलो. मग सहा वर्षांत चार ओपनिंगं बदलली. ती सहा वर्षं मला परत हवी आहेत.

त्यानंतर पुन्हा सी६, आजतागायत. क्लबात मला "सी६वाले" म्हणतात, माहीत आहे. बॉटविनिकनं जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत हाच बचाव खेळला, त्याला कुणी हसलं नाही. माझं रेटिंग सतराशेच्या वर गेलं नाही ते सी६ मुळे नव्हे, हत्तींचे अंतिम डाव नीट शिकलो नाही म्हणून. हे मी तुझ्या बाबांनाही सांगितलंय. त्यांना पटलं नाही.

आता तू सुलतान खानचं नाव काढशील, मला माहीत आहे. देशी नियमांवर वाढलेला माणूस, पहिल्या चालीला प्यादं दोन घरं जातं हेही त्याला नवं. ओपनिंगं कच्ची, तरी १९२९, १९३२ आणि १९३३ ला ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. खरं आहे. पण तो मधल्या डावात माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवू शकत होता. तू करशील? मग ए६ चं उत्तर पाठ नको, समजून दे.

फ्रेंच घे, सिसिलियन ठेव, मला फरक पडत नाही. (पडतो. सिसिलियन ठेव.) पण जे धरशील ते दोन वर्षं सोडायचं नाही, आणि प्रत्येक खेळीला याक. हरलीस तरी याक. जिंकलीस तर दोनदा.

रविवारी खानापूरहून सकाळच्या गाडीनं ये. मोबाईल घरी ठेव. मिरजेच्या सातही डावांच्या स्कोअरशीट आण. सहावी हरवली म्हणून सांगू नकोस. त्यात वजीर फुकट दिलास तेव्हा मी तुझ्या मागेच उभा होतो.

तुझा,
सर