बसेल हो, पण गाडी उलाळ होईल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे जुन्या लाँग बेड (लांब हौद्याच्या) ट्रकवरचा २००४चा साडेआठ फुटी कॅम्पर, म्हणजे ट्रकच्या हौद्यात बसणारी राहायची खोली, आता नव्याने घेतलेल्या फोर्डच्या डिझेल एफ-२५० शॉर्ट बेडवर (आखूड हौद्यावर) चढवायचाय, ट्रक विकणारा म्हणाला सहज बसेल, आणि मिस्टर म्हणतायत की टेलगेट (हौद्याचं मागचं फळकं) काढलं की झालं काम. बसेल. दोन चाकांच्या मधल्या जागेत जाईल, पुढच्या भिंतीला टेकेल, फोटोपण छान येईल. पण मी तरी तो चढवणार नाही, आणि का ते जरा सविस्तर लिहितो कारण हाच घोळ मी स्वतः घातलेला आहे.

आधी वजन. तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे ट्रकवर जास्तीत जास्त किती भार चालतो, तो २४१० पौंड आहे आणि कॅम्परच्या पाटीवर २३५०, म्हणजे ६० पौंड शिल्लक. हे वाचून मला घाम फुटला. अहो कॅम्परवरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो, तोही कारखान्यातून निघाला तेव्हाचा. आता मोजा माझ्याबरोबर: ३० गॅलनची पाण्याची टाकी भरली की २५० पौंड (गॅलनला सव्वाआठ-साडेआठ पौंड धरा), गॅसचे दोन भरलेले सिलिंडर ७५, दोन बॅटऱ्या ११०, छतावरचा एसी आणि बाजूचं ऑनिंग (सावलीचं कापडी छप्पर) बऱ्याचदा त्या आकड्यात धरलेलंच नसतं त्याचे १३०, तुम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून ४५०, आणि भांडी, कपडे, खुर्च्या, कुकर, तांदळाची पिशवी हे सगळं ३५० च्या खाली येत नाही, आपल्या लोकांचं तर नाहीच. झाले ३७१५. स्टिकरच्या तेराशे पौंड वर. आणि हो, त्या २४१० मध्ये माणसं धरायची असतात, ड्रायव्हरसकट, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

इथे कोणीतरी येऊन नक्की सांगेल की एफ-२५० आणि एफ-३५० सिंगल व्हील (मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेला) म्हणजे एकच ट्रक, मागच्या स्प्रिंगचा आणि कागदावरच्या एकूण वजनाच्या १०,००० पौंड मर्यादेचा तेवढा फरक. त्यात थोडं तथ्य आहे, पण तो फरक शे-दोनशे पौंडांच्या वादात काढायचा, तेराशेच्या नाही. शिवाय डिझेल इंजिनच जड असतं, ते तुमच्या पेलोडमधूनच वजा झालेलं असतं. मागच्या स्प्रिंगला मदत म्हणून लावतात त्या हवेच्या पिशव्यांचंही, म्हणजे एअरबॅगचंही तेच. त्या बसवल्या की ट्रकचं बूड वर येतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाहीत, चालवायला बरं वाटतं, पण स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. टायरचा आकडाही बघा, साइडवॉलवर एका टायरचं कमाल वजन लिहिलेलं असतं, माझ्यावर ३१९५ पौंड आहे आणि तेसुद्धा ८० पीएसआय हवा भरली तर.

आता खरी गोम. वजन किती याच्याइतकंच ते पडतंय कुठे हे बघायचं. माझे आजोबा ऊस वाहायचे, बैलगाडी भरताना शेवटच्या दोन मोळ्या हातात धरून जू उचलून बघायचे की गाडी धुरजड आहे का उलाळ. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं, आणि चढाला बैल बिचारे हवेत. कॅम्परचं अगदी तसंच आहे. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते, छोटा स्टिकर, जुन्या कॅम्परवर पुसट झालेला असेल. ती खूण ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे यायला हवी. अमेरिकेत ट्रक कंपनीला कॅम्पर कुठे आणि किती वजनाचा ठेवायचा ही माहिती द्यावीच लागते, मालकाच्या पुस्तिकेत किंवा ग्लव्हबॉक्समधल्या कागदात बघा, काही मॉडेलना तर सरळ लिहिलेलं असतं की कॅम्पर लावू नका.

तुमचा कॅम्पर लाँग बेडसाठी बनलेला. सुपर ड्यूटीचा (फोर्डच्या एफ-२५०, एफ-३५० या जड ट्रकांचा) लाँग बेड ९८ इंच, शॉर्ट बेड ८२ ला जरा कमी. कॅम्परचा तळ १०२ इंच. म्हणजे २० इंच बाहेर लटकणार, आणि तुमच्या कॅम्परला बाथरूम मागे आहे म्हणताय, म्हणजे टाक्यापण मागेच. टेलगेट काढून लटकायला जागा होते, खूण पुढे सरकत नाही. टेप घ्या, बेडच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, मग कॅम्परच्या पुढच्या टोकापासून खुणेपर्यंत मोजा. दुसरा आकडा मोठा आला की विषय संपला.

मी २०१५ मध्ये हे मोजलं नव्हतं. शॉर्ट बेडवर लाँग बेडचा कॅम्पर, स्वस्तात मिळाला म्हणून. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने निघालो, आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे तो लांबलचक उतार लागला आणि स्टीअरिंग एकदम हलकं, लोण्यात फिरवल्यासारखं. बाजूने एक अठराचाकी गेला तर अख्खा ट्रक आधी ढकलला गेला आणि मग ओढला गेला. बायको काही बोलली नाही, फक्त दाराच्या वरची कडी धरून बसली, उतार संपेपर्यंत. परत आल्यावर ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) गेलो, तिथे प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं छापून देतात. कॅम्पर चढवल्यावर माझा पुढचा अ‍ॅक्सल रिकाम्या ट्रकपेक्षा १८० पौंड हलका होता! ती पावती अजून गॅरेजच्या भिंतीला डकवलेली आहे.

नंतर एक-टन वर्गातला (जास्त भार पेलणारा) लाँग बेड पेट्रोल ट्रक घेतला आणि तोच कॅम्पर त्यावर नेला. तेव्हा ज्या बारीकसारीक गोष्टींनी छळलं त्या सांगतो, तुम्ही पुढेमागे ट्रक बदललात तर उपयोगी पडतील. नव्या ट्रकच्या कॅब उंच आणि बेडच्या भिंती खोल असतात, त्यामुळे जुना कॅम्पर आत ठेवला की त्याचे पंख (बाजूंना बाहेर आलेले भाग) बेडच्या कडांवर टेकतात किंवा कॅबवर येणारं पुढचं पलंगाचं नाक छताला लागतं. माझं छतावरच्या अँटेनाला लागलं, मुलगा बाजूला उभा राहून ‘बाबा थांब थांब’ ओरडला म्हणून वाचलं. मग खाली दोन इंची कडक फोम, वर प्लायवूड, वर रबर मॅट. कॅब आणि नाकामध्ये निदान दोन-तीन इंच ठेवाच, कारण खड्ड्यात कॅब आणि बेड वेगवेगळे हलतात. बेडमध्ये प्लास्टिकचा सुटा लायनर (अस्तर) असेल तर काढून टाका, त्यावर कॅम्पर साबणासारखा सरकतो.

बांधायची कडी जुन्या ट्रकची नव्याला लागत नाहीत, फ्रेमला लागणारे ब्रॅकेट त्या त्या मॉडेलचेच घ्यावे लागतात आणि ते महाग असतात, बजेटमध्ये धरा. मिस्टर बेडमधल्या हुकांना रॅचेट पट्टे लावायचं म्हणतायत ते कृपा करून नको, ते हुक मोटरसायकल, फ्रीज बांधायला. त्यात २०१७ पासूनच्या सुपर ड्यूटीचा बेड अ‍ॅल्युमिनियमचा आहे.

वायरिंगने माझे दोन दिवस खाल्ले. जुन्या कॅम्परला सहा पिनचा प्लग, ट्रकला सात पिनचं सॉकेट, मधे बाजारातला अ‍ॅडॉप्टर. दिवे लागले, इंडिकेटर लागले, मी खूश. दिवसभर चालवून युटातल्या मोआबला पोचलो तर बॅटरी मेलेली, फ्रीज बंद, दही आंबलेलं. सहा पिनमधली मधली पिन कोणी बारा व्होल्ट चार्जिंगला वापरतं, कोणी ट्रेलर ब्रेकला, आणि अ‍ॅडॉप्टरवाल्याने ब्रेकला धरली होती. निघायच्या आधी मल्टिमीटर लावून प्रत्येक पिन बघा, पाच मिनिटांचं काम आहे. टेलगेट काढताना त्यातल्या कॅमेऱ्याची वायरही आधी सोडवा, ओढून तोडू नका.

तर एफ-२५० परत करता येत असेल तर करा, नसेल तर त्यावर हलका पॉप-अप (छत वर उचलता येणारा कॅम्पर) शोधा आणि हा कॅम्पर विका. आणि तुम्ही लिहिलंय की जुना ट्रक येत्या शनिवारी विकताय, तो आठवडाभर थांबवा. कॅम्पर त्याच्यावरच आहे ना अजून? ट्रकची इंधनाची टाकी फुल करा, पाणी, गॅस, सामान सगळं भरा, चौघं बसा आणि कॅट स्केलवर जाऊन या. मग घरी कॅम्पर उतरवा, पुन्हा टाकी फुल करा आणि चौघंच पुन्हा जा. दोन पावत्यांची वजाबाकी म्हणजे तुमच्या कॅम्परचं खरं वजन. दोन्ही पावत्यांचे फोटो इथे टाका, अ‍ॅक्सलचे आकडे दिसतील असे.