रक्तातले तुकडे शोधायचेत? मग गणिताकडे परत ये

प्रश्न: मी बार्शीची. बारावी पीसीबी झाले. नीट दोनदा दिली, पण एमबीबीएसला नंबर लागेल एवढे गुण नाहीत. गेल्या वर्षी बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. रक्तातल्या डीएनएवरून आजार परत येतोय का ते कळू शकतं, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले. तेव्हापासून मला हेच काम करायचंय. घरचे म्हणतात, कॅन्सरमध्ये काम करायचं तर डॉक्टरच व्हायला हवं, नीट तिसऱ्यांदा दे. गणित मी अकरावीतच सोडलं. काय करू?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांना आता बरं वाटत असेल अशी आशा करते. घरच्या आजारपणातून इच्छा उपजली म्हणून ती कच्ची ठरत नाही. पण ती टिकेल का, हे काम जवळून पाहिल्यावरच कळेल. म्हणून आधी कामाबद्दल लिहिते.

पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. निरोगी माणसाच्या रक्तातही ते असतात. फ्रान्समधल्या मांडेल आणि मेते यांनी १९४८ मध्येच ते दाखवून दिलं होतं, डीएनएची रचना उलगडायच्या पाच वर्षं आधी. कॅन्सरची गाठ असली की तिचेही तुकडे त्यात मिसळतात, आणि त्या तुकड्यांवर गाठीतले जनुकीय बदल असतात. हे तुकडे रक्तात फार काळ राहत नाहीत, १६ मिनिटं ते अडीच तासांत निम्मे नाहीसे होतात. त्यामुळे गाठ काढून काही आठवडे झाल्यावरही ते सापडले, तर कुठेतरी गाठीच्या पेशी उरल्या असाव्यात.

बाबांच्या आजाराशी जवळचा एक अभ्यास सांगते. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्यातल्या आतड्याच्या कॅन्सरच्या ४५५ रुग्णांवर तो झाला, निकाल २०२२ मध्ये आले. एका गटात केमो द्यायची की नाही हे या रक्ततपासणीवरून ठरवलं, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने. पहिल्या गटात १५ टक्के रुग्णांना केमो द्यावी लागली, दुसऱ्यात २८ टक्के. आणि दोन वर्षांनी आजार न परतता जगणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच, ९३.५ आणि ९२.४ टक्के. किती माणसांची केमो वाचली बघ! मात्र बाबांना ही तपासणी लागू आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

आता तू सोडलेल्या गणिताकडे येऊ. १० मिली रक्तातून साधारण ४ मिली प्लाझ्मा, म्हणजे पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव, मिळतो. समज, त्यात ३३ नॅनोग्रॅम डीएनए निघाला. एका नॅनोग्रॅममध्ये माणसाच्या संपूर्ण जनुकसंचाच्या सुमारे ३०० प्रती असतात, म्हणजे हाती आल्या दहा हजार. गाठीचा वाटा दहा हजारात एक असेल, तर ठरावीक बदल असलेला तुकडा त्या अख्ख्या नळीत सरासरी एकच. सरासरी एक म्हणजे प्रत्येक नळीत एक नव्हे. अशा शंभर नळ्या घेतल्या तर साधारण ३७ नळ्यांत एकही तुकडा नसेल. यंत्र कितीही महागाचं आणा, नळीत जे नाहीच ते कसं सापडणार? मग शास्त्रज्ञांनी वाट काढली: त्याच रुग्णाच्या गाठीतले एकाऐवजी १६ बदल एकाच वेळी शोधायचे.

ही युक्ती पाठ्यपुस्तकातल्या जीवशास्त्रातून सुचत नाही, संभाव्यतेतून सुचते. पुढची अडचणही तशीच. वय वाढलं की पांढऱ्या पेशींमध्येही काही बदल साठतात, ते कॅन्सरचे वाटून रिपोर्ट चुकू शकतो. साध्या नळीतलं रक्त वेळेत प्लाझ्मा वेगळा न करता तसंच राहिलं, तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा वाटा आणखी विरळ होतो. म्हणून रक्त घेणाऱ्या टेक्निशियनपासून संगणकावर डीएनएच्या माहितीचा अर्थ लावणाऱ्या बायोइन्फर्मेटिक्सवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात रिपोर्ट असतो. यातले बरेचसे डॉक्टर नसतात. हे घरी जरूर वाचून दाखव.

माझं मत स्पष्ट आहे: रुग्णाला तपासायचं, औषध द्यायचं असं मनात असेल तरच नीट पुन्हा दे. तुकडे शोधायचे असतील तर ते वर्ष गणिताला दे. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, त्यातले १५ गणिताचे. ते जमलं नाही तर बायोटेक किंवा लाइफ सायन्सचं चांगलं बी.एस्सी. घे. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन एकच विचार: डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर मशीनला विद्यार्थ्यांचे हात लागतात का, की ते कपाटात कुलूपबंद आहे? सोबत संख्याशास्त्र आणि पायथॉन ही संगणकाची भाषा शिक. मग एम.एस्सी.; त्यासाठी गॅट-बी किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा. संशोधनात जायचं तर नेट ही पात्रता परीक्षा देऊन पीएच.डी. खारघरचं ॲक्ट्रेक, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, आपल्याच राज्यात आहे. वाट लांबची आहे, आणि नुसत्या एम.एस्सी.वर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. बाबांच्या उपचारांचा खर्च चालू असेल तर हे आजच घरात बोलून घ्या. लवकर कमवायची गरज असेल तर बी.एस्सी. एमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान) करून डीएनए तपासणाऱ्या मॉलिक्युलर लॅबमध्ये शिरता येतं, तिथूनही पुढे शिकता येतं.

आणि तुझ्या गावातलंच एक ठिकाण बघून ये. बार्शीत १९८७ पासून कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते, देशातली ग्रामीण भागातली ती पहिली नोंदणी. गावोगाव फिरून माहिती गोळा करणारी माणसं तिथे भेटतील. परवानगी घेऊन त्यांच्यासोबत एक दिवस काढ.

अकरावीचं संभाव्यतेचं प्रकरण आजच उघड. वरच्या उदाहरणात १६ जागा तपासल्या, प्रत्येकीला न सापडण्याची शक्यता ३७ टक्के, तर एकही न सापडण्याची शक्यता किती? उत्तर काढून पुढच्या पत्रात कळव, चुकलं तरी चालेल.