टर्बो गेला म्हणतायत? आधी वेस्टगेट बघा

प्रश्न : नमस्कार दादा, मी नोकरीला मुंबईत, गाडी गावी वेंगुर्ल्याला, घर समुद्राला लागूनच. टर्बो पेट्रोल गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. मे महिन्यात लावून गेलो ती गणपतीलाच बाहेर काढली. गावात मस्त चालली, पण दाणोली सोडून आंबोलीचा चढ लागला तशी आधी नेहमीपेक्षा जोरात ओढली आणि मग एकदम दमच गेला, चेक इंजिनचा दिवा लागला. कडेला घेऊन बंद करून परत चालू केली तर बरी, पुढच्या चढाला परत तेच. मेस्त्री म्हणतात टर्बो गेला, नवीन टाका. काय करू?

उत्तर : टर्बोची ऑर्डर देऊ नका अजून. टर्बो खरंच गेला असता तर गाडी पहिल्यापासून रडत चढली असती, बंद-चालू करून बरी झाली नसती. तुमची तर आधी जास्तच ओढतेय!

बघा, इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोचं एक चाक फिरवतो आणि त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात ढकलते, छोट्या टर्बोत हा वेग मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. हे कुठेतरी थांबवायला पाहिजे ना, म्हणून एक झडप असते, तीच वेस्टगेट. बागेत पाटाचं पाणी जास्त झालं की आपण बाजूने वाट करून देतो, तसा जादा धूर चाकाला न लागता थेट सायलेन्सरकडे जातो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ही झडप स्प्रिंगने बंद राहते, आणि दाबलेली हवा एका बारीक रबरी होजमधून डब्यातल्या पडद्यावर आली की रॉड सरकून ती उघडते.

आता तो होज फाटला किंवा रॉड गंजून अडकला तर झडप उघडतच नाही, दाब वाढत जातो, शेवटी ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) घाबरून पॉवर कापतो. गावात ॲक्सिलेटर कमी लागतो म्हणून कळत नाही, घाटात लगेच कळतं. स्कॅनर लावून कोड बघा : पी०२३४ म्हणजे दाब जास्त, पी०२९९ म्हणजे दाब कमी. दोन्हीत ड्रायव्हरला गाडी ओढत नाही एवढंच जाणवतं, पण रोग उलटे. पी०२९९ आला तर मात्र इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) पाईप, क्लिपा आणि झडप उघडीच राहिलीय का ते बघावं लागेल.

तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय उंदरांवर, पावसाळाभर उभ्या गाडीचं रबर त्यांना फार आवडतं 😄 आणि दुसरा खाऱ्या हवेवर. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर (गरम टर्बोला हात लावाल तर सोलून निघेल) होज टोकापासून टोकापर्यंत बघा, मग मेस्त्रींना हातपंप आणि गेज लावून रॉड सरकतो का बघायला सांगा. गॅरेजच्या कंप्रेसरची हवा थेट मारू देऊ नका, आतला पडदा फाटतो. तुमच्या मॉडेलला होजऐवजी इलेक्ट्रिक मोटर असेल तर हे सगळं स्कॅनरनेच तपासावं लागतं. आणि गावी कोणी असेल तर मधूनमधून गाडी नुसती चालू करून न ठेवता सावंतवाडीपर्यंत फिरवून आणायला सांगा.

प्रश्न : चिपळूणहून लिहितोय. कुंभार्ली घाटात जास्त पिकअप पाहिजे. मित्र म्हणतो वेस्टगेटचा रॉड दोन आटे आवळ आणि सायलेन्सर मोकळा टाक, फुकटात पॉवर. करू का?

उत्तर : नको रे बाबा. रॉड आवळला की झडप उशिरा उघडते, दाब वाढतो हे खरं, पण पेट्रोल इंजिनात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून आत ठोके बसणं) सुरू होतं आणि पिस्टनची वाट लागते. ईसीयूने ओळखलं तर वर वेंगुर्लेकरांचं झालं तेच, ऐन चढावर दम जाणार. त्यात सायलेन्सर मोकळा केलास की धूर इतका सहज वाहतो की छोटी झडप पूर्ण उघडूनही पुरत नाही आणि दाब चढतच राहतो, त्याला बूस्ट क्रीप म्हणतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करायला आड येतं, उद्या क्लेम करायची वेळ आली तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच काढेल. आधी एअर फिल्टर आणि प्लग बदलून बघ, जुन्या गाडीचा निम्मा पिकअप तिथेच अडकलेला असतो.