तेरा वर्षं खालच्या लीगमध्ये, याला करिअर म्हणायचं का?

प्रश्न : दादा, आमचा पोरगा अकरावीत आहे, सॉफ्टबॉल खेळते, अन् आता पहाटे चारला उठून मोबाईलवर अमेरिकेचं बेसबॉल पाहून राहिला (अभ्यासाला कधी उठला नाही बाप्पा). म्हणते, तिथला ड्रू मॅगी नावाचा खेळाडू तेरा वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला, मी पण तसाच इन्फिल्डर (बेसजवळ उभा राहून बॉल अडवणारा) होईन. तेरा वर्षांत तर आमच्या शेजारच्या पोराचं नोकरी, लग्न, फ्लॅट सगळं उरकलं. याला करिअर म्हणतात का?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, म्हणतात, पण पोरानं तुम्हाला हिशोब सांगितलेला दिसत नाही, तो मी सांगतो.

मॅगीला पिट्सबर्ग पायरेट्स या टीमनं 2010 च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) 15 व्या फेरीत घेतलं, मग टीम बदलत, बसनं गावोगाव फिरत तो साडेअकराशेच्या वर मॅचेस खालीच खेळला. 2021 मध्ये मिनेसोटाच्या टीमनं वर, म्हणजे मेजर लीगला, बोलावलं, बाकावर बसवलं आणि न खेळवताच परत पाठवलं, मला तर हेच जास्त लागलं. शेवटी 26 एप्रिल 2023 ला, 33 व्या वर्षी, पिट्सबर्गमध्येच बॅटिंगला उतरला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि गडी स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक, बाद) झाला! पहिला हिट काही दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये मिळाला.

आता पैसा. 2023 मध्ये खेळाडूंच्या युनियनच्या करारामुळे डबल-ए ला (खालच्या लीगमधली वरून दुसरी पायरी) वर्षाला कमीत कमी 30,250 डॉलर झाले, ट्रिपल-ए ला (खालची सगळ्यात वरची पायरी) 35,800, आणि वरच्या लीगला त्याच वर्षी 7 लाख 20 हजार. म्हणजे एक पायरी चढली की वीसपट. त्याआधी तर पगार फक्त सीझनपुरता मिळायचा, हिवाळ्यात पोरं दुसरी कामं करायची.

अडतं कुठं तर वरच्या प्रत्येक टीममध्ये जागा 26, आणि तिच्याखाली चार-चार टीम भरलेल्या. त्यातून सेकंड बेस, थर्ड बेस, शॉर्टस्टॉप सगळीकडे चालणारा इन्फिल्डर म्हणजे बटाटा, कोणत्याही भाजीत टाका, पण बटाट्यासाठी कोणी पंगतीला येत नाही. कोणी जखमी झालं की याची आठवण. सगळं येतं म्हणून तो टिकतो आणि माझ्या मते म्हणूनच अडकतो पण.

आपल्याकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल 2008 च्या टीव्ही स्पर्धेतून पायरेट्सकडे गेले, वरपर्यंत दोघंही पोचले नाहीत. आणि ते होते पिचर (बॉल टाकणारे), जोरात फेकता येतं म्हणून घेतलेले. इन्फिल्डरला जमिनीवरून येणारे हजारो बॉल लहानपणापासून अडवावे लागतात, उशिरा सुरू करणाऱ्याला ते अजूनच जड जातं. पोराचा सॉफ्टबॉल इथं कामाला येईल, पण तेवढ्यावर तिकीट काढू नका.

आणि तेरा वर्षांचं म्हणाल तर आपला फैज फजल आहे ना. 2003 पासून रणजी, भारताकडून वनडे 2016 मध्ये हरारेला, नाबाद 55, आणि दुसरी मॅच मिळालीच नाही. पुढे त्याच्याच कॅप्टनशिपमध्ये विदर्भानं सलग दोन रणजी जिंकल्या. त्याला करिअर नव्हतं असं सिव्हिल लाइन्सच्या ग्राउंडवर जाऊन म्हणून पाहा बरं, लोक काय म्हणतात ते मला कळवा.

पोराला खेळू द्या, बारावी तेवढी करून घ्या. पहाटे उठतोच आहे तर दूध आणायचं काम त्याच्याकडे.