कोर्टावरचे बघण्यासारखे चित्रपट कोणते? खरं कोर्ट तसंच असतं का?

प्रश्नाखाली लिहिलंयस की बारावी झाली, लॉ करायचा विचार आहे, म्हणून आधी कोर्टाचे सिनेमे बघायचेत. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

नाव एकच सांगतो, चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014). खरं कोर्ट सिनेमासारखं असतं का, तर या सिनेमासारखं असतं, बाकीच्यांसारखं नसतं. इथेच थांबलो असतो, पण तुझ्या प्रश्नाखाली कुणीतरी 'दामिनी' एक नंबरला टाकलाय आणि माझं डोकं तिथे अडकलं.

मी साक्ष दिलेला माणूस आहे. खुनाबिनाची नाही, रस्त्याची. शेतात जायच्या वहिवाटीच्या रस्त्यावर शेजाऱ्याने बाभळीच्या काट्या टाकल्या आणि वडिलांनी 2006 साली तालुक्याच्या कोर्टात मनाईचा दावा लावला. (मामलेदार कोर्टात का नाही गेलात, असं कुणीतरी विचारणारच. गेलो होतो. तो रडा वेगळा.) माझी साक्ष झाली 2013 साली. मधली सात वर्षं अशी गेली : समन्स लागलं नाही, कैफियत (समोरच्याचा लेखी जबाब) उशिरा आली, निशाणी 5 वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, 'से' (समोरच्याचं म्हणणं) आला नाही, न्यायाधीश साहेबांची बदली झाली, नवे साहेब लवकर आले नाहीत, मग वडील वारले आणि आम्हा दोघा भावांना वारस म्हणून लावण्यात अजून दीड वर्ष. मी झालो वादी नंबर 1ब. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 17 मध्ये चक्क लिहिलंय, सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख देऊ नये. हे मी आमच्या वकिलांना दाखवलं. ते हसले आणि त्याच दिवशी त्यांनी स्वतःच पुढची तारीख मागणारा मुदतीचा अर्ज दिला.

दादाला नोकरीतून रजा मिळेना, म्हणून साक्षीला मी उभा राहिलो. आता ऐक. सिनेमात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून डोळ्यांत पाणी आणून सगळी हकीकत सांगतो. दिवाणी दाव्यात 2002 पासून सरतपासणी, म्हणजे आपल्याच बाजूने द्यायची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते. म्हणजे तुझी हकीकत वकिलाच्या ऑफिसात टाईप होऊन येते. 'सदरहू', 'येणेप्रमाणे', 'सबब' वगैरे. तू खाली सही करायची. मी केली. नीट वाचली नव्हती, हे आज कबूल करतो. मी तोंड उघडायचं ते थेट उलटतपासणीत.

गीता नव्हती. हातोडाही नव्हता, तो आपल्याकडे कुठल्याच कोर्टात नसतो. 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे देवाच्या नावाने शपथ घ्या नाहीतर नुसतं प्रतिज्ञेवर सांगा, एवढंच. समोरचे वकील म्हणजे 'दामिनी'तले अमरीश पुरी नव्हते. म्हातारे, सौम्य, अहोजाहो करणारे, मधेच खोकणारे. त्यांनी विचारलं, रस्ता किती फुटांचा? म्हटलं, आठ. स्वतः मोजलाय? नाही. साहेबांनी टायपिस्टला सांगितलं, "सदर रस्ता मी स्वतः मोजलेला नाही." मग विचारलं, काट्या कोणत्या तारखेला टाकल्या?

मला तारीख आठवत नव्हती. सात वर्षं झाली होती. मला आठवत होत्या चिंचा. बांधावरच्या झाडाच्या चिंचा झोडायचं काम चालू होतं, दोन बाया खाली वेचत होत्या, त्यातली एक पळत आली आणि म्हणाली, वाट बंद केली. मी हे सगळं सांगायला लागलो. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, विचारलंय तेवढंच सांगा. आणि लिहून घेतलं, "घटनेची तारीख मला सांगता येणार नाही."

संपलं. चिंचा गेल्या. बाया गेल्या.

म्हातारे वकील अजून संपले नव्हते. "मग प्रतिज्ञापत्रात तर 14 तारीख लिहिलीय. ती कुणी लिहिली?" मी म्हटलं, वकीलसाहेबांनी. मागच्या बाकावर दोघंतिघं हसले. आमच्या वकिलांनी फाईलमध्ये तोंड घातलं. पुढचे प्रश्न ठरलेले असतात, उत्तरंही : "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही." सगळं मिळून पंचवीस मिनिटं. सही केली आणि बाहेर आलो.

संध्याकाळी दादाचा फोन. "नुसतं चौदा तारीख म्हणता आलं नाही तुला? दोन शब्द." दावा फेटाळला गेला, तेव्हा निकालात ओळ आली की वादी 1ब यांस घटनेची तारीख सांगता आली नाही. दादाने सहीशिक्क्याची नक्कल घरी आणून त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. ती नक्कल अजून घरात आहे, आणि दर दिवाळीला तो विषय निघतोच.

आणि या माणसाचा आवडता सिनेमा कुठला? 'दामिनी'. तारखांचं ते भाषण त्याला सनी देओलच्या हातवाऱ्यांसकट पाठ आहे. पण 'दामिनी' वकिलाचा सिनेमा नाहीच, तो साक्षीदाराचा आहे. सासरचं अख्खं घर म्हणतंय गप्प बस, आणि ती म्हणते मी जे पाहिलं तेच सांगणार. त्यापायी तिला वेडी ठरवतात. दादाने हे तीस वेळा बघितलंय, टाळ्या वाजवून बघितलंय, आणि सख्ख्या भावाला म्हणतो, न आठवणारी तारीख सांगून मोकळा हो! पडद्यावर सून असेल तर खरेपणा, घरात भाऊ असेल तर येडेपणा.

'कोर्ट' मी 2015 मध्ये मुद्दाम त्याला घेऊन बघितला. एका लोकशाहिरावर, त्याच्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा खटला चालतो. कुणी ओरडत नाही. न्यायाधीश उत्तरं आपल्या भाषेत करून टायपिस्टला सांगतात, एका बाईचा पोशाख बिनबाह्यांचा म्हणून तिचं प्रकरण पुढे ढकलतात. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात, पडदा काळा. दादा तिथेच उठला, म्हणाला, चला, काहीच झालं नाही यात. सिनेमा अजून बाकी होता. मी एकटा बसून पुरा बघितला.

यादी हवीच असेल तर 'एक रुका हुआ फैसला' बघ, बासू चॅटर्जींचा. मूळ अमेरिकन '12 अँग्री मेन' (1957). आपल्या फौजदारी कोर्टांतून ज्युरी (निकाल ठरवणारी साध्या नागरिकांची मंडळी) कधीच गेली, तरी बघ, कारण तिथे भांडण साक्षीदाराच्या नजरेवर आणि आठवणीवर आहे. 'जॉली एलएलबी' सौरभ शुक्लांच्या न्यायाधीशासाठी. 'जय भीम' आहे, पण त्यातली हेबिअस कॉर्पसची (ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, या अर्जाची) लढाई हायकोर्टातली, त्या जगाशी माझा संबंध नाही.

आता प्रामाणिकपणे एक सांगतो, नाहीतर दादाच खाली येऊन लिहील. दावा माझ्या साक्षीवर हरलो नाही. कोर्ट कमिशनरने जागा पाहून दिलेला अहवाल आमच्या विरुद्ध होता, रस्ता नकाशात नव्हता. निकालाची अकरा पानं आहेत, त्यात माझी ओळ एक. हे दादालाही माहीत आहे. पुढे अपिलात लोकअदालतीत तडजोड झाली, बैलगाडीपुरती वाट मिळाली. आणि हो, सही करण्याआधी मी प्रतिज्ञापत्र वाचलं असतं तर ती 14 तारीख तिथेच खोडायला लावली असती. हे मी त्याला अजून बोललेलो नाही. फौजदारी कोर्टाचा मला अनुभव नाही, तिथे साक्षीदार तोंडीच सगळं सांगतो, तेव्हा माझं सगळं तिकडे लावू नकोस.

लॉ करावं का ते राहिलंच. तालुक्याच्या कोर्टात एक दिवस अकरा वाजता जाऊन मागच्या बाकावर बस. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, कुणी अडवत नाही. पट्टेवाला नाव पुकारतो तेव्हा कोण उठतं आणि हातात तारीख घेऊन कोण परत जातं ते बघ. मोबाईल बंद ठेव.